फुटक्या बादलीतली मेथी

मागच्या वर्षी सप्टेंबरात आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर, मेस बिल थकलेल्यांच्या यादीशेजारी, एक नोटीस लागली. ‘टेरेसवर अनधिकृतपणे ठेवलेल्या मातीच्या बादल्या, डबे, क्रेट व तत्सम वस्तू आठ दिवसांच्या आत हलवाव्यात, अन्यथा त्या जप्त करण्यात येतील.’ खाली रेक्टर सरांची सही आणि गोल शिक्का. नोटिशीत नाव कुणाचंच नव्हतं, पण त्या रात्री जेवणाच्या रांगेत सगळे माझ्याकडे आणि माझ्या रूम पार्टनरकडे बघून हसत होते. ‘तत्सम वस्तू’ हे आमचं नाव पुढे महिनाभर टिकलं.

त्या बादल्या आजही टेरेसवर आहेत. म्हणूनच मॅगझिनच्या संपादक मंडळाने मला धरलं आणि ‘घरच्या घरी सेंद्रिय भाजी कशी सुरू करायची ते लिही, पण सोप्या भाषेत’ असा हुकूम सोडला. मी शेतीतला तज्ज्ञ नाही, मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे आणि एका विषयात केटी आहे. जे लिहितोय ते चुका करून शिकलेलं आहे. तेव्हा सुरुवात पहिल्या चुकीपासूनच करतो.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. द्राक्षवाल्याच्या पोराला कुंडीत मेथी लावणं म्हणजे काय अवघड, अशा थाटात मी जुलैमध्ये नर्सरीतून पाच कुंड्या आणि एक पोतं लाल माती आणली. मेथी उगवली, पण जरा पिवळट वाटली. घरून येताना एका पिशवीत थोडा युरिया आणला होता. प्रत्येक कुंडीत एक एक मूठ टाकला आणि वरून पाणी दिलं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी पाचही कुंड्यांत वाळलेलं गवत उरलं.

चूक काय झाली ते गणित नंतर मांडलं. युरियाची गोणी ४५ किलोची असते. एक गोणी एकराला टाकली आणि एकर ४०४७ चौरस मीटरचा धरला, तर एका चौरस मीटरला ११ ग्रॅम पडतात. माझ्या कुंडीचा व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटरच्या आसपास. तिच्या वाट्याला येतो अर्धा ग्रॅम! मी केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर माझी मूठ मोजली. ३४ ग्रॅम भरली. म्हणजे साठपटीहून जास्त. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की फोडी पाणी सोडतात, तसं त्या मेथीच्या मुळांचं झालं. कुंडीत पाणी होतं, पण बाहेरच्या पाण्यात क्षार इतके की मुळांना ते ओढताच येईना.

थोडक्यात दोष युरियाचा नव्हता, माझा होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण सेंद्रियवाले काही जण रासायनिक खताला थेट विष म्हणतात आणि ते मला पटत नाही. युरियातला नायट्रोजन आणि शेणखतातला नायट्रोजन झाडाच्या मुळाशी शेवटी जवळपास एकाच रूपात पोचतो. फरक पोचण्याच्या वेगात आहे. युरिया काही दिवसांत सगळा मोकळा होतो. कंपोस्टमधला नायट्रोजन जिवाणू हळूहळू, महिनोन्‌महिने सोडत राहतात. कुंडीत दोन मुठी कंपोस्ट जास्त पडलं तर काहीही बिघडत नाही. नवशिक्याला हेच हवं असतं. शिवाय कंपोस्टमुळे माती भुसभुशीत राहते आणि पाणी धरून ठेवते, ते काम युरिया करतच नाही.

फोनवर अण्णांना सांगितलं तर ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “अरं, खत झाडाला नसतं घालायचं, जमिनीला घालायचं. आमची ती सवय गेली. तू तरी बघ.”

फवारणीचं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. द्राक्षाचा हंगाम म्हणजे फवारणीचा हंगाम. ब्लोअर मारून आल्यावर अण्णा दोन दोनदा अंघोळ करतात आणि तरी संध्याकाळी जेवत नाहीत, ओसरीवर डोळे मिटून पडून राहतात. लहानपणी मला वाटायचं की दमले असतील. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्या घरात आईने दोन दिवस कुणाशी धड बोलणं केलं नाही. द्राक्षबागेत पर्याय इतका सोपा नाही, हे मला कळतं. पण जिथे आपण कपडे वाळत घालतो आणि जिथली कोथिंबीर तशीच खुडून भेळेत टाकतो, त्या टेरेसवर फवाऱ्याचं औषध आणायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं.

आता मुख्य विषय. घरची बाग सुरू करायची म्हणजे लोक आधी रोपं आणायला धावतात. मी म्हणतो की रोपं शेवटी आणा. आधी दीड-दोन महिने फक्त माती बनवा. ही माती बनते मेसच्या कचऱ्यातून, आणि त्याचा तुटवडा आपल्याकडे कधीच पडणार नाही.

या कामाचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरला संशोधन करत होते. शेतातला पालापाचोळा, काडीकचरा आणि शेण यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी ते उलटून तीन महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी बसवली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. त्यावर १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. पुढे पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या, भिंतींना भोकं ठेवलेल्या टाक्यात खत करण्याची पद्धत आणली. तीच ‘नाडेप’. १० फूट बाय ६ फूट बाय ३ फुटांचा तो हौद शेतावर ठीक आहे, हॉस्टेलला नाही. आम्हाला भंगारवाल्याकडून २०० लिटरचा एक प्लॅस्टिक ड्रम मिळाला. त्याला चारी बाजूंनी आणि तळाला बोटभर भोकं पाडली आणि तो चार विटांवर ठेवला.

मेसच्या मामांना पटवणं सगळ्यात सोपं गेलं. भाजी चिरल्यावर उरणारी सालं, देठं, कोबीची वरची पानं, मटाराची टरफलं असं सगळं ते एका वेगळ्या बादलीत ठेवू लागले. (मामांची अट एकच: बादली रोज धुऊन परत पाहिजे.) रोज सात-आठ किलो निघायचं. आम्ही ते ड्रममध्ये ओतत गेलो. पंधराव्या दिवशी ड्रमखालून काळं पाणी वाहू लागलं, अळ्या झाल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फायनल इयरवाल्यांनी वास येतो म्हणून तक्रार केली. नोटिशीचं निम्मं कारण हे होतं.

काय चुकलं ते समजून घ्या, कारण नवीन माणूस हटकून इथेच हात टेकतो. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन गोष्टी खायला लागतात, ऊर्जेसाठी कार्बन आणि शरीर बांधायला नायट्रोजन. कार्बन साधारण तीस भाग आणि नायट्रोजन एक भाग असेल तर काम झकास चालतं. भाजीच्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा-वीसला एक असतं, म्हणजे नायट्रोजन जास्त. तो मग अमोनिया होऊन नाकात जातो. शिवाय या कचऱ्यात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पाणी. त्या लगद्यात हवा शिरत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. गटाराचा वास येतो तो त्यांचा. यावर उपाय म्हणजे वाळलेला पाला. त्यात कार्बन पन्नास-साठला एक असतो, तो पाणी शोषतो आणि मधे मधे हवेच्या फटी ठेवतो. वजनाने बघितलं तर १० किलो ओल्या कचऱ्याला ४ ते ५ किलो कोरडा पाला. आकडेमोड करून बघा, कार्बनचं प्रमाण तीसच्या थोडं वर आणि ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास येतो. वजन करत बसायचं नसेल तर एक बादली ओलं आणि तीन बादल्या कोरडं, पाला थोडा चुरून. मूठभर मिश्रण हातात घट्ट दाबलं की बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा.

आपल्या कॅम्पसवर पाल्याला तोटा नाही. रस्त्याकडेची झाडं पानं गाळतात तेव्हा ढीग लागतात आणि झाडलोट करणाऱ्या मावशी ते पेटवून देतात. आम्ही त्यांना रिकामी पोती दिली. ‘जाळायच्याऐवजी भरून ठेवा, आम्ही उचलतो’ म्हटल्यावर त्यांचंही धुरातून सुटणं झालं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली होती, पण काडेपेटीला नियम कोण वाचून दाखवणार?

पाला घातल्यावर चार दिवसांत वास गेला. मग मला मेकॅनिकलची खाज सुटली. हीट ट्रान्सफर लॅबच्या सरांना विचारून एक थर्मोकपल आणला आणि ड्रमच्या पोटात खुपसला. बाहेर २७ अंश, आत ५२! जिवाणू खाऊन-पिऊन उष्णता सोडतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण आकडा बघून आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो. इंदूर पद्धतीच्या मोठ्या ढिगात तो साठच्या वर जातो. आमचा का नाही गेला? उष्णता तयार होते घनफळाच्या प्रमाणात आणि निसटते पृष्ठभागातून. ढीग लहान तितका निसटण्याचा भाग जास्त. एक मीटर लांब-रुंद-उंच ढीग असेल तर तो चांगला तापतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की लहान ड्रममध्ये रोगाचे जंतू आणि तणांचं बी पुरतं मरेल याची खात्री धरू नये. म्हणून ताटातलं उष्टं, मटणाची हाडं, तेलकट रस्सा आणि रोगट झाडं त्यात नकोत. उष्ट्याने उंदीरही येतात, आणि उंदीर आले की रेक्टर सर येतात.

दर आठवड्याला ड्रममधलं सगळं बाहेर काढून, वरचं खाली आणि खालचं वर करून पुन्हा भरायचं. अडीच-तीन महिन्यांत ते काळपट, कुस्करणारं होतं. सालं ओळखू येत नाहीत आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. तयार झाल्याची खूण हीच.

आता नोटिशीकडे परत येऊ. वासाचा प्रश्न सुटला, पण रेक्टर सरांचा दुसरा मुद्दा स्लॅबचा होता. “पोरांनो, उद्या स्लॅब गळायला लागला किंवा काही झालं तर जबाबदार कोण?” आम्ही आपलं ‘बादल्यांनी काय होतंय सर’ करत होतो. पार्टनर सिव्हिलचा. तो त्या रात्री चिडून हिशोब करायला बसला आणि अर्ध्या तासाने गप्प झाला. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) ज्या सपाट छतावर माणसं जाऊ शकतात त्यासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरायला सांगितला आहे, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो. जिथे जायची सोय नाही तिथे त्याच्या निम्मा. आणि आमच्या बादल्यांत हॉस्टेलमागची काळी माती तीस सेंटिमीटर खोल भरलेली. भिजलेली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास जाते. गुणाकार केला तर बादलीखालच्या जागेवर चौरस मीटरला ५४० किलो! वर आम्ही सगळ्या बादल्या टेरेसच्या मधोमध, एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. म्हणजे रेक्टर सर चुकलेले नव्हते. चाळीस वर्षांच्या जुन्या स्लॅबवर आम्ही जे केलं होतं ते परीक्षेत लिहिलं असतं तर शून्य मार्क मिळाले असते.

माती टाकून द्यायची ठरली. पण मातीशिवाय भाजी? इथे लायब्ररीतलं एक पुस्तक कामाला आलं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्यांना, त्यातही आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांना, स्वतः प्रयोग करून बघायला शिकवलं. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक. पालापाचोळ्यातूनच कसदार माती कशी घडवायची हा त्यांचा आवडता विषय. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडं वापरून भाजीपाला आणि फळं घेतली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग सुरू केली. मेस, कचरा, गच्ची, सगळं आपल्यासारखंच! तेव्हा आम्ही काही नवीन शोध लावलेला नाही.

बादली भरण्याची आमची रीत अशी. बादल्या विकत घेऊ नका. दर मे महिन्यात हॉस्टेल सोडून जाणारी मुलं फुटक्या बादल्या बाथरूममध्ये टाकून जातात, त्या गोळा करा. वीस लिटरचे रंगाचे डबे, भाजीचे क्रेट हेही चालतात. तळाला करंगळीएवढी पाच-सहा भोकं पाडा. सगळ्यात खाली नारळाच्या शेंड्या, दोन बोटं जाड. त्यावर उसाच्या चिपाडाचे विळ्याने केलेले तुकडे. गेटसमोरचा रसवंतीवाला ती फुकट देतो, उलट आभार मानतो. चिपाडं आधी दोन वेळा पाण्यातून काढा, नाहीतर उरलेल्या गोडीला मुंग्यांची जत्रा भरते. त्यावर चुरलेला पाला पायाने दाबून. सगळ्यात वर चार बोटं कंपोस्ट, त्यात थोडी माती. आमचं ड्रममधलं तयार व्हायचं होतं म्हणून पहिल्या वेळी कंपोस्ट विकत आणलं. हे सगळं वीस सेंटिमीटर भरलं आणि भिजवून तोललं तर घनमीटरला ६०० किलोच्या आसपास आलं, म्हणजे बादलीखाली चौरस मीटरला १२० किलो. बादल्यांमध्ये तेवढीच जागा मोकळी सोडली की सरासरी साठ.

एक धोका सांगून ठेवतो. ताजी चिपाडं कुजताना आजूबाजूचा नायट्रोजन स्वतःच ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. तेव्हा ती शेणकाल्यात बुडवून भरा आणि पहिलं पीक मेथीसारखं, वरच्या चार बोटांत भागणारं घ्या. टोमॅटो त्यानंतर. भरलेली बादली दोन महिन्यांत बरीच खाली बसते, तेव्हा वरून भर घालत राहायची.

पार्टनरने हा हिशोब ड्रॉइंग शीटवर काढला, बीम कुठून जातात ते दाखवलं आणि बादल्या पॅरापेटच्या कडेने, बीमच्या रेषेवर, प्रत्येक बादली दोन विटांवर अशी मांडणी आखली. विटांमुळे खालचा कोबा वाळतो, पाणी साचत नाही, झाडलोट होते. नोटिशीच्या सातव्या दिवशी शीट घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. सरांनी ती सिव्हिलच्या एका सरांना दाखवली, दोन बादल्यांची जागा बदलायला लावली आणि म्हणाले, “बेचाळीसच्या वर एकही बादली दिसता कामा नये. एक महिना बघतो.” तुमच्या घराची गच्ची असेल तर हे काम आधी करा. जुनी इमारत असेल, स्लॅबला तडे असतील, सळया दिसत असतील तर माहितगार माणसाला विचारल्याशिवाय कुंडीसुद्धा चढवू नका. खाली जमिनीवर किंवा गॅलरीच्या कठड्याच्या आत चार डबे ठेवूनही भाजी होते.

पेरणी मी भराभर सांगतो, त्यात फार काही नाही. मेथी, धने, मोहरी यांचं बी मेसच्या मसाल्याच्या डब्यातलंच चालतं. मेथी रात्रभर भिजवा, तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा आणि मग पेरा. कोथिंबिरीला महिना-सव्वा महिना लागतो. पालकालाही तेवढाच. पुदिन्याच्या काड्या मेसच्या जुडीतल्याच पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. पालेभाज्यांना तीन-चार तास ऊन पुरतं, मिरची-टोमॅटोला पाच-सहा तास लागतंच. पाणी घालण्याआधी बोट पेराएवढं आत घालून बघा, ओलं लागलं तर घालू नका. आमच्या मजल्यावर येणारा जाणारा प्रत्येक जण प्रेमाने मग्गाभर ओतायचा, त्या प्रेमाने चार टोमॅटो कुजले.

हॉस्टेलवाल्यांसाठी खरं पंचांग म्हणजे अकॅडमिक कॅलेंडर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो, मिरचीचं रोप टाकलं तर ऑक्टोबरात, परीक्षेआधी फळ हातात येतं. पालेभाजी सेमिस्टरमध्ये दोन-तीनदा होते. मे महिन्यात मात्र पालेभाजीच्या नादाला लागू नका. स्लॅब तव्यासारखा तापतो आणि आपण गावी. सुट्टीत तग धरणारी गवती चहा, कढीपत्ता आणि आळू ही मंडळी सावलीत सरकवून ठेवायची, वर पाल्याचं जाड पांघरूण घालायचं आणि वॉचमनकाकांना सांगायचं. काका गवती चहाच्या बदल्यात आनंदाने पाणी घालतात.

किडीचं बघू. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके दिसले तर तो मावा. मुंग्यांची ये-जा सुरू झाली की समजायचं. कापसासारखं पांढरं चिकटलं असेल तर पिठ्या ढेकूण. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, निम्मं काम तिथेच होतं. मग एक लिटर पाण्यात ५ मिलीलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून संध्याकाळी फवारा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, ते नुसतं वर तरंगतं. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर त्याला हात लावू नका, तो मावा खातो.

कुणी तरी तंबाखूचा अर्क सांगेल. तंबाखू वनस्पती आहे म्हणून तो ‘नैसर्गिक’ ठरतो, पण निकोटिन हे जालीम विष आहे. माझ्या मते घरच्या बागेत ते नकोच. शिवाय तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीलाही लागतो आणि तो हातावरूनही पसरतो. आमच्या टेरेसवर रात्री कोण कोण ‘अभ्यासाला’ येतं आणि बादल्यांत थोटकं कोण खुपसतं, ते मला माहीत आहे. इथे नावं लिहीत नाही. तुम्हीच हात धुऊन या.

जीवामृताबद्दलही विचारतात. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते लोकांपर्यंत नेलं. एकराचं २०० लिटरचं माप बादलीपुरतं केलं तर २० लिटर पाण्यात १ किलो शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर माती. आम्ही दोनदा केलं. झाडं बरी वाटली, पण अर्ध्या बादल्या तशाच ठेवून तुलना केली नाही, त्यामुळे ते कशामुळे हे सांगता येत नाही. कच्ची खायची कोथिंबीर असेल तर शेणाचं ताजं पाणी पानांवर नको.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेथी निघाली. सतरा जुड्या. मामांनी जुड्यांकडे बघितलं, मग रांगेकडे. आम्ही एकशे ऐंशी जण. शेवटी त्यांनी ती डाळीत टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला चार पानं आली असतील. टेरेसवर मेस चालत नाही, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. तरी रेक्टर सरांनी वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली, आणि एक महिन्याची मुदत संपल्याचं पुढे कुणी काढलं नाही.

यंदा जूनमध्ये एज्युकेशन लोनच्या सह्यांसाठी अण्णा आले होते. जिने चढून धाप लागलेली, तरी आधी टेरेसवर घेऊन चल म्हणाले. बादल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “काय रं, रान केलंस म्हणं हॉस्टेलवर?” मग उकिडवे बसले. एका बादलीत मनगटापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढून वास घेतला. “गांडूळ हाय की रं हितं!” त्यांनी ते बराच वेळ तळहातावर धरलं होतं.

मी विचारलं, बागेत करून बघायचं का. अण्णांनी मान हलवली. “द्राक्षात एकदम जमायचं न्हाई. कर्ज काढून लावलीय ती.” मग जरा थांबून म्हणाले, “परसात तुझ्या आईचा दोडका हाय, त्याला घालतो.” जाताना अर्धं पोतं कंपोस्ट घेऊन गेले. एसटीत कंडक्टरने लगेजचं विचारलं तर पोराने दिलंय म्हणाले, असं आईने फोनवर सांगितलं. दोडका चांगला लागला आहे म्हणे.

सध्या दुसरा ड्रम भरतोय. या रविवारी सकाळी सात वाजता पहिला उलटायचा आहे आणि फावडं एकच आहे. ज्यांना बी हवं असेल त्यांनी तेव्हा या. मेथी, धने आणि थोडं लाल माठाचं बी डब्यात ठेवलेलं आहे. बादली मात्र स्वतःची आणा, फुटकी असली तर जास्त चांगलं.